मदत किती मिळते ते नंतर, तुमचा वाटा किती धरलाय ते आधी

न्यू जर्सीत नुकतंच घर घेतलेल्या एका वाचकाने विचारलंय: सरकारी शाळा जर सरकारच्याच, तर श्रीमंत टाउनच्या आणि गरीब टाउनच्या शाळांत एवढा फरक का? राज्य सरकार दर मुलामागे सगळ्यांना सारखी रक्कम देऊन मोकळं का होत नाही? आणि शेवटी जरा वैतागून: आमचं टाउन काही श्रीमंतांचं नाही, तरी गेल्या काही वर्षांत आमच्या शाळांना राज्याकडून मिळणारी मदत का कापली?

मी चोवीस वर्षं न्यू जर्सीतल्या शाळांच्या बिझनेस ऑफिसांत काढली. पहिली अकरा एका जुन्या, गरीब शहरात, पुढची तेरा एका खाऊनपिऊन सुखी उपनगरात. दोन्हीकडची बजेटं स्वतःच्या हाताने जुळवली आहेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण आपल्या लोकांचा इथे हमखास गोंधळ होतो. शाळांचा ‘डिस्ट्रिक्ट’ म्हणजे आपला जिल्हा नव्हे. बहुतेक ठिकाणी तो एका टाउनएवढाच असतो. न्यू जर्सीसारख्या टीचभर राज्यात असे जवळपास ६०० डिस्ट्रिक्ट आहेत. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं आणि घरपट्टीही वेगळी. देशभरचा ढोबळ हिशोब केला तर शाळांच्या खर्चातला दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा कमी केंद्र सरकारकडून येतो. उरलेला राज्य आणि स्थानिक कर यांच्यात साधारण अर्धाअर्धा वाटला जातो, आणि स्थानिक कर म्हणजे मुख्यतः घरपट्टी. सगळी मेख त्या घरपट्टीत आहे.

आता ‘सारखी रक्कम’. हा प्रयोग झालेला आहे, आणि त्याचे आकडे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातच छापलेले आहेत. टेक्ससमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड आणि अलामो हाइट्स असे दोन डिस्ट्रिक्ट. पहिला गरीब आणि बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांचा, दुसरा सधन आणि बहुतांशी गोऱ्यांचा. १९६७-६८ साली राज्याने एजवूडला मुलामागे २२२ डॉलर दिले आणि अलामो हाइट्सला २२५. म्हणजे जवळजवळ अगदी सारखे! उलट केंद्राचे पैसे गरीब एजवूडला जास्त होते, १०८ विरुद्ध ३६. पण स्थानिक करातून एजवूडच्या हाती मुलामागे उरले २६ डॉलर आणि अलामो हाइट्सच्या हाती ३३३. एकूण ३५६ विरुद्ध ५९४.

यातला खरा झोंबणारा आकडा वेगळाच आहे. एजवूडचे लोक दर शंभर डॉलर किमतीमागे १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे ०.८५. गरीब माणूस जास्त दराने कर भरत होता आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला कमी पैसे येत होते. कारण एजवूडमध्ये मुलामागे करपात्र मालमत्ता होती सहा हजार डॉलरच्या आत, आणि अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांच्या वर. विहिरीला पाणीच नाही, तिथे रहाट कितीही जोरात फिरवा.

हे स्वतः कागदावर मांडून पाहा. मी नवीन बोर्ड मेंबरांना हेच करायला लावायचो. दोन टाउन घ्या, दोन्हींत एकेक हजार मुलं. वरच्या टाउनमध्ये मुलामागे ३० लाख डॉलरची मालमत्ता, खालच्यात ४ लाखांची. एका मुलाला नीट शिकवायला २०,००० डॉलर लागतात असं धरा. राज्याने दोघांनाही सारखे ६,००० दिले, तर दोघांनाही स्वतःचे १४,००० उभे करावे लागतील. त्यासाठी वरच्या टाउनला अर्ध्या टक्क्याहून कमी दराने कर लावला तरी चालतं. खालच्याला लागतो साडेतीन टक्के. म्हणजे वरच्या टाउनमध्ये ८ लाखांच्या घराचा मालक शाळेसाठी वर्षाला सुमारे ३,७०० डॉलर भरणार, आणि खालच्या टाउनमध्ये २ लाखांच्या घराचा मालक ७,०००. घर चौपट स्वस्त, कर जवळपास दुप्पट. इतका कर कोणी भरत नाही. माणसं टाउन सोडून जातात, घरांच्या किमती उतरतात, दर आणखी चढवावा लागतो. हे चक्र मी पहिल्या अकरा वर्षांत डोळ्यांनी पाहिलं.

म्हणून राज्य मुलामागे किती देतं, हा प्रश्न मी पहिला विचारतच नाही. पहिला प्रश्न असा: राज्याने या टाउनचा स्वतःचा वाटा किती धरला आहे, आणि तो उभा करायला इथल्या माणसाला किती दराने कर भरावा लागेल? वरच्याच उदाहरणात राज्याने सांगितलं, की दोघांनीही ०.९ टक्के दराने भरायचं, कमी पडेल ते आम्ही देऊ. वरच्या टाउनचे होतात २७,०००, त्यांना मदत शून्य. खालच्याचे होतात ३,६००, राज्य देणार १६,४००. रकमा कमालीच्या विषम दिसतात. वरच्या टाउनमधला माणूस म्हणतो, ‘आमचे टॅक्स सगळे तिकडे जातात.’ पण दोघांनीही सारख्या दराने कर भरलाय. मला तरी न्याय म्हणून हेच पटतं.

एजवूडचे पालक कोर्टात हरले. २१ मार्च १९७३ रोजी सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की शिक्षण हा केंद्रीय राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, त्यामुळे टेक्ससची पद्धत घटनाबाह्य ठरत नाही. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं. तेव्हापासून हा लढा राज्याराज्यांच्या कोर्टांत गेला, कारण राज्यांच्या घटनांमध्ये शाळांबद्दल स्पष्ट कलमं आहेत. न्यू जर्सीच्या घटनेत १८७५ पासून ५ ते १८ वयाच्या सगळ्या मुलांसाठी ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शाळांची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालानंतर दोनच आठवड्यांनी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवून राज्याची पद्धत रद्द केली. विधिमंडळ पैशांची सोय करेना, तेव्हा १ जुलै १९७६ ला कोर्टाने शाळांचा खर्चच थांबवला. उन्हाळी वर्ग बंद पडले आणि आठवड्याभरात राज्याचा पहिला इन्कम टॅक्स मंजूर झाला. तुमच्या पगारातून न्यू जर्सीचा जो कर कापला जातो, त्याचा जन्म या शाळांच्या भांडणातला आहे. पार्टीत लोक त्या कराला शिव्या घालतात तेव्हा मी हे सांगतो. मग विषय बदलला जातो.

पुढे कॅमडेन, ईस्ट ऑरेंज, अर्विंग्टन आणि जर्सी सिटी इथल्या मुलांच्या वतीने १९८१ मध्ये ‘अ‍ॅबट’ खटला दाखल झाला. १९९० मध्ये कोर्टाने सांगितलं, की गरीब शहरांच्या शाळांना नेहमीच्या शिक्षणासाठी सर्वांत श्रीमंत उपनगरांइतके पैसे मिळालेच पाहिजेत. १९९८ मध्ये त्यावर तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी चांगल्या प्रतीच्या बालवाडीचा आदेश आला. या खटल्याखाली शेवटी ३१ डिस्ट्रिक्ट आले. माझं पहिलं शहर त्यांतलंच. त्या सगळ्या निकालांतलं सर्वांत मोलाचं काय, असं मला कोणी विचारलं तर मी बालवाडीच सांगेन.

आजचं सूत्र २००८ च्या कायद्याचं आहे. ढाचा सोपा आहे. आधी मुलागणिक मूळ खर्च ठरवायचा. मग जादा गरजेप्रमाणे वजन चढवायचं: हायस्कूलचं मूल, इंग्रजी अजून शिकत असलेलं मूल, गरीब घरचं मूल. गरीब मुलावर मूळ रकमेच्या साधारण निम्म्यापर्यंत जादा वजन पडतं, आणि डिस्ट्रिक्टमध्ये गरिबी जितकी दाट तितकं ते वाढतं. ही झाली ‘पुरेशी’ रक्कम. तिच्यातून टाउनचा ‘स्थानिक वाटा’ वजा करायचा आणि उरेल ते राज्याने द्यायचं. हा वाटा टाउनची एकूण मालमत्ता आणि रहिवाशांचं एकूण उत्पन्न, दोन्ही निम्मेनिम्मे धरून काढतात. ते मला योग्य वाटतं, कारण घराची किंमत वाढली म्हणून पेन्शनवर जगणाऱ्या म्हातारीच्या पर्समध्ये पैसे येत नाहीत.

कागदावर हे सूत्र चांगलंच आहे. बिघडतं ते मोजणीत.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला मुलांची मोजणी होते. त्या दिवशी पटावर किती मुलं, त्यांत गरीब किती, यावर पुढच्या वर्षीची मदत ठरते. गरीब कोण, हे प्रामुख्याने जेवणाच्या फॉर्मवरून कळतं. केंद्राच्या नियमाप्रमाणे दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत. सूत्र १८५ पर्यंतची सगळी मुलं गरीब धरतं. म्हणजे घरी पाठवलेला तो एक कागद भरून आला नाही, तर आमच्या हिशोबात ते मूल गरीब नसतंच.

तो कागद का येत नाही? मी सप्टेंबरभर संध्याकाळी साडेसहापर्यंत फोन करत बसायचो, तेव्हा कळलं. फॉर्मवर घरातल्या एका मोठ्या माणसाच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे (इथल्या सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चार आकडे मागतात. नंबर नसेल तर शेजारच्या चौकटीत खूण करायची असते आणि तेवढ्याने फॉर्म वैध होतो. पण ज्या घरात या देशात राहण्याच्या कागदपत्रांची अडचण आहे, तिथे ती चौकट म्हणजे स्वतःच्या हाताने दिलेला कबुलीजबाब वाटते. एक आई मला म्हणाली, ‘डबा मी देईन, कागद नको.’ मुलगा रोज डबा घेऊन यायचा, रोखीच्या मजुरीवर घर चाललेलं होतं आणि आमच्या नोंदीत तो सधन घरचा. हायस्कूलची तऱ्हा आणखी वेगळी. पंधरा वर्षांच्या पोराला फुकट जेवणाच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते, म्हणून तो फॉर्म दप्तराच्या तळाशी तसाच राहतो. त्यामुळे त्याच घरातला धाकटा कागदावर गरीब आणि थोरला नाही, असंही दिसायचं.

यात पुढे आणखी एक गंमत झाली. २०१४ पासून केंद्राने अशी सोय केली, की गरिबी जिथे फार आहे त्या शाळेत सगळ्यांनाच फुकट जेवण द्यायचं, फॉर्म नको. मुलांसाठी फारच चांगलं. पण जेवणासाठी फॉर्म लागेना, म्हणून मदतीसाठी लागणारी माहितीही येईना. मग आम्ही वेगळा उत्पन्नाचा फॉर्म काढला. त्याच्या बदल्यात पालकांना काहीच मिळणार नव्हतं, तेव्हा तो कोण भरणार? यावर उपाय माहीत असलेलाच आहे. अन्नमदत आणि मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) यांच्या याद्या सरकारकडे असतातच, त्या पटाशी थेट जुळवायच्या. हे जिथे नीट होतं तिथे कागदाची भानगड बरीचशी संपते. कागदपत्रं नसलेली घरं मात्र त्या याद्यांतूनही सुटतात.

बाकी राज्यांनी काय केलं, ते थोडक्यात. टेक्ससने १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून जादा कर परत घ्यायची पद्धत आणली. लोक तिला ‘रॉबिन हूड’ म्हणतात आणि तिच्यावरून अजून भांडतात. कॅलिफोर्नियात १९७१ मध्ये बेव्हर्ली हिल्स आणि बाल्डविन पार्क यांच्यातली तफावत कोर्टाने बेकायदा ठरवली, आणि १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी घरपट्टीच १ टक्क्यावर बांधून टाकली. आपला पैसा आपल्या शाळेत राहणार नसेल तर कर कशाला भरू, या भावनेतून ते झालं, असं विल्यम फिशेल हे अर्थशास्त्रज्ञ मांडतात. सगळ्यांना ते मान्य नाही, पण श्रीमंत उपनगरातल्या बोर्डाच्या सभा ऐकलेल्या माणसाला ते अशक्यही वाटत नाही. कॅलिफोर्नियाने शेवटी २०१३ मध्ये गरजेप्रमाणे वजन देणारं सूत्र आणलं.

मिशिगनची गोष्ट मला सगळ्यांत शिकण्यासारखी वाटते. १९९३ मध्ये तिथल्या काल्कास्का डिस्ट्रिक्टमध्ये मतदारांनी जादा कर नाकारला, पैसे संपले आणि शाळा मार्चमध्येच बंद कराव्या लागल्या. देशभर बभ्रा झाला. पुढच्याच वर्षी राज्याने शाळा चालवायचा खर्च घरपट्टीवरून बऱ्याच अंशी उचलला आणि विक्रीकर ४ वरून ६ टक्के केला. खेड्यांतले गरीब डिस्ट्रिक्ट सावरले. पण दोन गोष्टी राहून गेल्या. इमारतींचं कर्ज स्थानिक घरपट्टीवरच राहिलं, त्यामुळे छत आणि बॉयलर पूर्वीइतकेच विषम. आणि पैसा मुलाबरोबर फिरू लागल्याने डेट्रॉइटसारख्या शहरातून मुलं गेली तसा पैसाही गेला. वर्गातून तीन मुलं गेली म्हणून शिक्षिकेचा पगार किंवा इमारतीचं गॅसचं बिल तीन मुलांनी कमी होत नाही.

पैशाने खरंच फरक पडतो का, असं इथे कोणीतरी विचारतंच. पडतो. जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको यांच्या २०१६ च्या अभ्यासात, बारा वर्षं खर्च १० टक्के जास्त राहिला तर गरीब घरच्या मुलांचं शिक्षण जवळपास अर्ध्या वर्षाने वाढलेलं आणि मोठेपणीची कमाई साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जास्त दिसली. पैसा कशावर गेला याने फरक पडतोच, पण तो सवाल श्रीमंत टाउनला कधी कोणी करत नाही.

आता तुमची कापलेली मदत. तुमच्या टाउनचं नाव तुम्ही दिलेलं नाही, तरी बहुधा हे झालं असणार. २००८ चं सूत्र आलं तेव्हा कोणाचंही नुकसान होऊ नये म्हणून एक जुळवणी मदत ठेवली होती: सूत्राने कमी निघालं तरी जुनी रक्कम चालू. ती तात्पुरती ठेवायला हवी होती. पण मधल्या काळात मंदी आली, राज्याने सूत्र पुरतं भरलंच नाही, आणि ही जुळवणी मात्र दहा वर्षं चालत राहिली. ज्यांची मुलं कमी झाली किंवा घरांच्या किमती वाढल्या, त्यांना जास्त मिळत राहिलं, आणि जिथे नवी मुलं भरभरून येत होती त्यांना कमी. २०१८ च्या कायद्याने हे जादा पैसे सात वर्षांत, २०२४-२५ पर्यंत काढून घेतले. त्याच वर्षी सूत्र पहिल्यांदा पूर्ण भरलं गेलं. दिशा बरोबर होती असं मी म्हणतो, आणि माझ्या दुसऱ्या डिस्ट्रिक्टची मदत त्यातच गेली, हे लक्षात घेऊन म्हणतो.

पण अंमलात एक विचित्र कात्री झाली. राज्य सांगतं, तुमचं टाउन धरलेल्या वाट्यापेक्षा कमी कर लावतं, म्हणून मदत कापली, आता वाटा भरा. आणि त्याच राज्याचा २०१० चा कायदा सांगतो, की घरपट्टीची एकूण रक्कम वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. काही मोजके अपवाद सोडले तर मतदान घ्यावं लागतं. मदत एका वर्षात ८ टक्के गेली तर २ टक्क्यांनी ती कशी भरून निघणार? आम्ही त्या वर्षी दोन वाचनालय-शिक्षिका आणि एक समुपदेशक काढले. त्यांना ते मीच सांगितलं.

तुमच्या टाउनमध्ये नव्या उंच इमारती झाल्या असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. अनेक शहरं बिल्डरला घरपट्टीऐवजी ठरावीक रक्कम भरायचा करार करून देतात. इथे त्याला ‘पायलट’ म्हणतात. दीर्घ मुदतीच्या कराराची ९५ टक्के रक्कम शहराला जाते आणि ५ टक्के काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाला. शाळेचा वाटा कायद्याने धरलेलाच नाही. वर त्या इमारतीची किंमत करपात्र मालमत्तेत येत नाही, म्हणून शहर सूत्राला आहे त्यापेक्षा गरीब दिसतं आणि त्याचा भार राज्यातल्या बाकी टाउनवर पडतो. जर्सी सिटीचा नदीकाठ हे याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. मदत घटली तेव्हा त्या शहराने शाळांसाठी पगारावर १ टक्का कर बसवला.

घरपट्टीचं बिल काढा. त्यावर शहर, काउंटी आणि शाळा असे वेगळे आकडे असतात. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर बजेटचा सोपा सारांश असतो, त्यात स्थानिक कराची रक्कम सापडेल. राज्याच्या शिक्षण खात्याकडे प्रत्येक डिस्ट्रिक्टचा धरलेला स्थानिक वाटा मिळतो. दोन्ही शेजारी ठेवा. कर वाट्यापेक्षा कमी असेल तर तुमच्या टाउनने आजवर स्वस्तात भागवलं आणि फरक राज्याने भरला. वाट्याएवढा किंवा जास्त असेल आणि तरीही वर्गात चौतीस मुलं बसत असतील, तर बोर्डाच्या मार्चमधल्या सभेत उठून विचारा, की १५ ऑक्टोबरला गरीब मुलं किती मोजली आणि अन्नमदतीच्या यादीशी ती जुळवून पाहिली का.